कुणाचं राहिलंय का?

आमच्या ईट गावच्या वाचनालयातून पुस्तक घरी न्यायचं तर चिठ्ठीला भोक पाडून घ्यावं लागायचं. शिक्का नाही, सही नाही, भोक. वाचनालय सांभाळणारे अण्णा निवृत्त कंडक्टर होते. वाचकाचं नाव लिहिलेली चिठ्ठी ते उजेडाकडे धरायचे, चिमट्याने कट् करून भोक पाडायचे आणि म्हणायचे, "हं, बसा." माणूस पुस्तक बगलेत मारून घरी निघालेला असायचा, तरी "बसा." नोकरीतला चिमटा त्यांनी निवृत्तीच्या दिवशी डेपोत जमा केला होता. हा दुसरा, बार्शीच्या बाजारात भंगारवाल्याकडून घेतलेला. सरकारी वस्तू घरात ठेवली असती तर घास उतरला नसता, असं ते सांगायचे, आणि त्यांच्याकडे बघून ते खरंच वाटायचं.

अण्णा गेले त्याला दोन वर्षं होतील. त्यांच्याबद्दल लिहायचं तर मला माझ्या एका चोरीबद्दल लिहावं लागतं, म्हणून इतके दिवस टाळत होते. आता लिहिते.

पुस्तकं लावायची त्यांची स्वतःची रीत होती. जाड पुस्तकं वरच्या फळीवर, तो 'लांब पल्ला'. पातळ पुस्तकं हाताशी, ती 'शटल'. कवितांच्या कपाटाला ते 'विनंती थांबा' म्हणायचे, कारण कुणी हात केला तरच तिथं थांबायचं. देवाधर्माची पुस्तकं मात्र वेगळ्या फळीवर, वर फोटो आणि उदबत्तीचं घर. तालुक्याहून तपासणीला आलेल्या साहेबांनी ही व्यवस्था बघून कपाळाला हात लावला होता. पण आमच्यापैकी कुणालाही हवं ते पुस्तक मिनिटात सापडायचं, त्यामुळे साहेब गेले आणि लांब पल्ला जिथल्या तिथं राहिला.

स्वतः अण्णा वाचत नसत. तीस वर्षं हलत्या गाडीत उभं राहून काढल्यावर बसून वाचायला घेतलं की डोळा लागतो, असं ते म्हणत. पण पुस्तकात काय आहे याची उत्सुकता दांडगी. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा म्हणजे मतांची वही. पुस्तक परत करताना प्रत्येकाने मत सांगायचं आणि अण्णांनी ते आपल्या ठसठशीत अक्षरात उतरवून घ्यायचं. नाव, गाव, मत. मत दिल्याशिवाय पुढचं पुस्तक नाही. "बरं आहे" एवढ्यावर ते सोडत नसत. "बरं म्हंजी काय? उतारू मधीच उतरला का पोचला?" असं विचारत. एक अट होती, रहस्यकथेचा उलगडा मोठ्याने सांगायचा नाही, कारण बाकावर बसलेले ऐकत असायचे. आणि स्वतःचं मत त्या वहीत अण्णांनी कधीच लिहिलं नाही.

गाडीतल्या गोष्टी विचारल्या तर सांगायचे. तपासणीवाले पुढच्या थांब्यावर चढणार आहेत अशी कुणकुण लागली की बिनतिकिटाचा माणूस शोधायची त्यांची एक पद्धत होती. ते कुणाकडेही न बघता मोठ्याने विचारायचे, "कुणाचं राहिलंय का?" थोड्या वेळाने पुन्हा. मग पुन्हा. "नाव घेऊन इचारलं की माणूस खोटं बोलतंय," ते म्हणायचे. "कुनाचंच नाव न घेता इचारलं की हात वर येतोय." ज्याचं तिकीट नसतं तो कसा ओळखायचा, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, त्यात काय, बाकीचे एकमेकांकडे बघतात आणि तो एकटा खिडकीतून बाहेर शेती बघतो.

मी त्या काळात पदवी घेऊन घरी बसले होते आणि सरकारी परीक्षांचा अभ्यास करत होते. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा माझा मुक्काम वाचनालयात, खिडकीजवळच्या खुर्चीवर. घरात स्थळांच्या गोष्टी निघत होत्या. ही एक परीक्षा निघाली तर निघाली, नाहीतर अक्षता, असं माझं गणित होतं. स्वभावाने मी कडक. चूक म्हणजे चूक, शिक्षा म्हणजे शिक्षा, असं मला फार वाटायचं. अर्थात दुसऱ्याच्या चुकीबद्दल.

त्याच वर्षी ते ननबाईंचं पुस्तक आलं. बदली होऊन गेलेल्या एका गुरुजींनी खोकंभर पुस्तकं वाचनालयाला दिली, त्यात ही भाषांतरित कादंबरी होती. मुखपृष्ठावर डोकं झाकलेली, काळ्या झग्यातली, हातात जपमाळ घेतलेली, खाली नजर लावलेली बाई. अण्णांनी आत डोकावून न बघता ते पुस्तक थेट देवाधर्माच्या फळीवर ठेवलं. त्यामुळे त्याचे पहिले वाचक झाले आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष, माजी पोलीस पाटील तात्या. त्यांनी ते एकादशीला वाचायला म्हणून नेलं. उपासाची भगर खाऊन पुस्तक उघडलं आणि बाराव्या पानावर मुडदा पडला. तात्यांनी पुस्तक मिटलं नाही. द्वादशीला उपास सोडायला ते दुपारी उठले, असं त्यांच्या घरचे सांगतात.

गोष्ट अशी होती. कुठल्याशा थंड देशात डोंगरावर ननांचा मठ. मठाच्या प्रमुख बाईंना कुणीतरी विष घालतं. कोंबड्या सांभाळणारी एक म्हातारी नन आपल्या पद्धतीने शोध घेते आणि खुनी मठातलीच आहे हे तिला कळतं. कोण ते मी सांगत नाही, अण्णांची अट आहे. ननबाई ते नाव पोलिसांनाही सांगत नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेला ती सगळ्यांना उद्देशून म्हणते की मला कळलंय, सकाळच्या घंटेच्या आत माझ्याकडे या. सकाळी घंटा होते. कुणी आलेलं नसतं. एक खाट रिकामी असते आणि मागच्या दारापासून बर्फात पावलं गेलेली असतात. ती बाई पुढे कुणालाच सापडत नाही. ननबाई मरेपर्यंत ते मागचं दार कडी न लावता ठेवते. संपलं पुस्तक.

तात्यांनी वहीत मत दिलं ते असं: "बाई हुशार. तपास कच्चा. आरोपी माहीत असताना रात्रभर मोकळा सोडणे हा गुन्हा. दार उघडे ठेवणे हा दुसरा गुन्हा. पुस्तक देवाच्या फळीवरून हलवावे." पुस्तक हललं, आणि या मतामुळेच गावभर गाजलं. अंगणवाडीच्या सुशीलाबाईंनी ते दोन दिवसांत वाचून तात्यांच्या विरुद्ध मत दिलं. लाडू पळवणाऱ्या लेकराचं नाव चारचौघांत घेतलं की ते दुसऱ्या दिवसापासून यायचं बंद होतं, म्हणून ननबाईनं केलं तेच बरोबर, असं त्यांचं म्हणणं. मेंढरं राखणारा बिरू, तिशीतला, अबोल, पण आमच्यातला सगळ्यात दांडगा वाचक, त्याने तिसरंच काढलं. पुस्तकात अंधार पडल्यावर टाकलेली विषारी भाकर कोंबड्या टिपतात आणि मरतात, त्यावरून बाईला पत्ता लागतो. बिरू म्हणाला, "कोंबडी अंधारात दाणा टिपत न्हाय. लिवणारानं कोंबडी पाळल्याली न्हाय."  आम्ही बाकीच्या सगळ्यांनी दोन दोनदा वाचूनही हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

माझं मत मी आधी कागदावर लिहून आणलं होतं. खुन्याचा हात धरून सगळ्यांसमोर उभं करायला हवं होतं. दया दाखवणारा शोधक म्हणजे अर्धा शोधक. अण्णा वहीत लिहिता लिहिता थांबले आणि त्यांनी विचारलं, "हात धरून?" मी म्हटलं, व्हय. "समद्यांसमोर?" व्हय, अण्णा. त्यांनी लिहून घेतलं, चिठ्ठीला भोक पाडलं आणि मला बसा म्हणाले.

महिनाभर या पुस्तकावरून वाद झाले. पिठाच्या गिरणीत, पाराखाली, येरमाळ्याला जाणाऱ्या गाडीतसुद्धा. अण्णा टेबलामागे बसून सगळं ऐकायचे. अवघी गाडी भरून निघाल्यासारखा आनंद त्यांच्या तोंडावर दिसायचा. तुमचं मत काय, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, कंडक्टरला खिडकी नसते.

आणि मग वाचनालयातलं सामान्य ज्ञानाचं मोठं पुस्तक ब्लेडने कापलेलं सापडलं.

ते पुस्तक घरी न्यायला मिळत नसे. आम्ही सहा-सात जण आळीपाळीने टेबलावर वाचायचो. मधली चाळीस पानं कुणीतरी शिवणीला लागून सफाईने उतरवली होती. ते कुणीतरी मी होते. झेरॉक्सला भूमला जावं लागायचं, ही माझी स्वतःशी केलेली सबब. खरं कारण साधं आणि ओंगळ होतं: ती पानं माझ्याकडे असली म्हणजे बाकीच्यांकडे नसणार होती. घरी ट्रंकेत, स्वेटरच्या घडीत, ती ठेवली होती. त्यातून मी एक अक्षरही वाचू शकले नव्हते.

तात्यांचा संशय गेला बिरूवर. मेंढरांची लोकर कातरायची कातर त्याच्या पिशवीत कायम असायची. जवळ हत्यार घेऊन हिंडणारा दुसरा कोण आहे, हा तात्यांचा तपास. ननबाईचा तपास कच्चा म्हणणाऱ्या माणसाचा तपास. गुरुवारी समितीची बैठक घ्यायची, बिरूचं नाव सभासदांतून काढायचं आणि बाहेरच्या फळ्यावर कारणासकट लिहायचं, असं त्यांनी सोमवारी जाहीर केलं. बिरू पायरीवरच उभा होता. "म्या न्हाय केलं," एवढंच तो म्हणाला. मग हातातलं पुस्तक त्याने अण्णांच्या टेबलावर ठेवलं. समुद्रावरच्या सफरीचं, लांब पल्ल्याचं, निम्मं वाचून झालेलं. समुद्र त्याने कधी पाहिला नव्हता आणि त्याचं जहाज तेव्हा वादळात होतं. अण्णांनी मत विचारलं नाही. जिथवर वाचलं होतं तिथं त्यांनी एक जुनं तिकीट घातलं आणि पुस्तक फळीवर न ठेवता आपल्या खणात ठेवलं.

त्या दिवशी सहाला, बंद करायच्या वेळी, अण्णांनी नेहमीसारखी टेबलावर दोनदा टकटक केली, ती त्यांची डबल बेल. मग उभे राहून, दाराकडे तोंड करून म्हणाले, "कुणाचं राहिलंय का?"

 पोरंपोरी एकमेकांकडे बघत होती. मी खिडकीतून बाहेर बघत होते, तिथं तुरीचं शिवार होतं. घरी आल्यावर मला ते ध्यानात आलं आणि हातातली भाकरी हातातच राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं, त्याच आवाजात. मी खुर्ची मागे सरकवली. अर्धी उठलेही. तेवढ्यात दारातून तात्या आले, बैठकीला कोण कोण येणार ते विचारायला लागले, आणि मी खुर्चीवर पुन्हा टेकले. त्या दिवशी मी घरी जाऊन रडले, पण रडण्याने बिरूचं काही भलं होणार नव्हतं. तो दोन दिवस वाचनालयाच्या रस्त्याने मेंढरंसुद्धा नेत नव्हता, माळाला वळसा घालून जात होता.

बुधवारी मी ती चाळीस पानं स्वेटरच्या घडीसकट पिशवीत घालून नेली. सहाची डबल बेल झाली. "कुणाचं राहिलंय का?" तिसऱ्यांदा. मी उठले, टेबलापाशी गेले आणि पानं ठेवली. माझं राहिलंय, एवढं म्हणाले. बाकीची पोरं बघत होती. अण्णांनी पानं मोजली नाहीत. त्यांनी खणातून कणकेची खळ आणि जुनं फडकं काढलं, माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "चिकटव. सरळ लाव." दिवे लागणीपर्यंत मी पानं चिकटवत होते आणि ते शेजारी बसून पुस्तक दाबून धरत होते. निघताना त्यांनी एकच गोष्ट विचारली: बिरूला कोण सांगणार?

गुरुवारी सकाळी मीच गेले. बिरूची मेंढरं त्या आठवड्यात ओढ्यापलीकडच्या एका रानात बसवलेली होती. माझं सगळं बोलणं त्याने काठीवर हनुवटी टेकवून ऐकून घेतलं. मी माफी मागितली तेव्हा तो ओशाळला. पानं नीट बसली का, असं त्याने विचारलं, आणि मग म्हणाला, "जहाजाचं पुस्तक कुनी नेलं तर न्हाय?" नाही म्हटल्यावर तो पहिल्यांदा हसला. दुपारी बैठकीत मी उभी राहून सगळ्यांसमोर कबूल केलं. हात मात्र कुणी धरला नव्हता. तात्या बराच वेळ पागोटं सारखं करत बसले. मग मला तीन महिने सभासदत्व बंद अशी शिक्षा त्यांनी सुनावली, आणि संध्याकाळी स्वतः ओढ्यापलीकडे जाऊन बिरूला घेऊन आले. दोघे काय बोलले ते कळलं नाही. वाचनालयात आल्यावर बिरूने तिकीट घातलेलं पान उघडलं आणि तो वाचायला लागला.

ती परीक्षा मी नापास झाले. घरच्यांना मात्र त्या गुरुवारनंतर माझ्याशी स्थळांबद्दल बोलताना जरा जपून बोलावंसं वाटायला लागलं. दोन वर्षांनी दुसरी परीक्षा निघाली आणि मी ग्रामसेवक झाले. अण्णांना पेढे द्यायला गेले तर त्यांनी पेढ्याच्या खोक्याच्या झाकणाला भोक पाडलं.

पुढे त्यांची नजर गेली. काचबिंदू निघाला आणि उशीर झाला होता. लेक नळदुर्गला होती, तिने त्यांना नेलं. जावयाचा हायवेवर धाबा, त्याच्या मागे घर. वाचनालयाच्या किल्ल्या सुशीलाबाईंकडे आल्या. नशिबाने माझी नेमणूक तुळजापूर तालुक्यात होती, म्हणून रविवारी नळदुर्गला जाता यायचं. अण्णा ओसरीत खाटेवर बसलेले असायचे आणि रस्त्यावरून जाणारी गाडी आवाजावरून ओळखायचे. रिकामी आहे का भरलेली, तेही सांगायचे. माझी चाहूल लागली की म्हणायचे, "ये मंगल, जागा हाय."

एका रविवारी मी धीर करून विचारलं. म्हटलं, अण्णा, त्या वेळी तुम्ही ननबाईसारखंच केलंत, पुस्तक वाचूनच सुचलं ना तुम्हाला? ते हसायला लागले. "म्या कुठं वाचलंय ते? तुम्ही भांडलात, त्यातनं जेवढं कळलं तेवढं." मला धक्काच बसला. इतकी वर्षं मी समजत होते की माझी अब्रू एका पुस्तकाने वाचवली.

मग मी ईटहून ते पुस्तक आणि मतांची वही मागवली आणि चार रविवार त्यांना वाचून दाखवलं. ते भिंतीला टेकून ऐकायचे. बाराव्या पानाला "अरं देवा, एकादशीला हे!" म्हणून तात्यांची आठवण काढून हसले. कोंबड्यांचं पान आलं तेव्हा बिरूचं खरं आहे म्हणाले. शेवटच्या प्रकरणाला मात्र हलेनात. रिकामी खाट, बर्फातली पावलं, उघडं दार, सगळं मी वाचलं आणि पुस्तक मिटलं. बाहेरून ट्रक जात होते. एकही रिकामा का भरलेला ते त्यांनी सांगितलं नाही.

मी वही उघडली. म्हटलं, अण्णा, नाव आणि गाव मला माहीत आहे. मत सांगा. कंडक्टरला खिडकी नसते हे आता चालणार नाही.

अण्णा भिंतीचा टेका सोडून सरळ बसले. मग म्हणाले, "बाई गुणाची हाय. पन चुकली. तिनं एकदाच इचारलं. एकदा इचारल्यावर माणूस उठत न्हाय, मंगल. दुसऱ्या बारीला ते पाय गोळा करतंय. तिसऱ्या बारीला उठतंय. त्या बाईनं अजून दोन सांजा थांबायला पायजे व्हतं. ती पोरगी बर्फात गेली नसती."

मी लिहून घेत होते.  माझं तरी तिसऱ्या दिवशी उठणं झालं, नाहीतर बिरूचं काय झालं असतं कुणास ठाऊक, असं मी म्हणाले. लाज अजून गेली नव्हती, ती आवाजात आली असणार.

अण्णांनी हात पुढे करून वही चाचपली, पानाचा कोपरा शोधला आणि उशाखालून चिमटा काढून कट् करून भोक पाडलं.

"तिसऱ्या कुठं," ते म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी उठली व्हतीस तू. तात्या मधीच आले म्हणून बसलीस."